महानगरातील छायाचित्रणासाठी कॅमेरा, लेन्स आणि इतर सामग्री कशी निवडावी

महानगरात छायाचित्रे काढायला जायचे ठरले की घरात असलेली सगळी सामग्री सॅकमध्ये भरून न्यावी, असेच बहुतेकांना वाटते. उंच इमारती, बाजार, रेल्वे स्थानके, पूल, संग्रहालये, रात्रीची रोषणाई आणि माणसांची अखंड वर्दळ असे सगळे विषय एकाच मुक्कामात भेटणार असतात आणि ऐन वेळी हवी ती लेन्स जवळ नसली तर काय, ही धास्ती मनात असते. मात्र शहरातले छायाचित्रण हे मुख्यतः पायी चालत करण्याचे काम आहे. अभयारण्यात वाहनाच्या काठावर जड लेन्स टेकवून ठेवता येते, लग्नसमारंभात सामानाची पेटी कोपऱ्यात ठेवून मोकळ्या हातांनी वावरता येते. शहरात मात्र जे नेले ते सकाळपासून रात्रीपर्यंत खांद्यावरच राहते. त्यातच शहराचा सर्वांत देखणा वेळ सूर्य मावळल्यानंतर सुरू होतो, म्हणजे तुम्ही सर्वाधिक थकलेले असता तेव्हा. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की सामग्रीची निवड दोनच कसोट्यांवर करावी: दिवसभर पेलवेल असे वजन आणि दिवे लागल्यानंतरच्या मंद प्रकाशात हातात धरून काम देण्याची क्षमता. बाकी सर्व गुण या दोहोंनंतर येतात.

स्वतःच्या जुन्या छायाचित्रांना विचारा

खरेदीची यादी करण्याआधी एक काम अवश्य करावे. मागील एक-दोन वर्षांत गर्दीच्या ठिकाणी काढलेली आणि तुम्हाला स्वतःला आवडलेली छायाचित्रे संगणकावर उघडावीत आणि प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेली फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर व शटर स्पीड पाहावा, म्हणजे अनुक्रमे लेन्सचा दृष्टिकोन किती रुंद वा अरुंद होता, तिचे छिद्र किती उघडे होते आणि शटर किती वेळ उघडे राहिले ते. छायाचित्रे हाताळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती गाळणी लावून एकत्र पाहता येते. २४ ते १०५ मिमीची झूम लेन्स वापरणाऱ्या व्यक्तीची आवडती छायाचित्रेही सहसा दोन-तीन ठिकाणीच गोळा झालेली आढळतात, उदाहरणार्थ अगदी रुंद टोकाला आणि ५० मिमीच्या आसपास. तुमची नजर शहराकडे कोणत्या अंतरावरून पाहते, याचा यापेक्षा प्रामाणिक पुरावा नाही, आणि एखादी नवी लेन्स किती सुंदर आहे हे सांगणाऱ्या परीक्षणापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

या पाहणीनंतर सहलीचा मुख्य विषय एका वाक्यात लिहून ठेवावा. रस्त्यावरची माणसे, वास्तू, रात्रीचे दिवे किंवा उंचावरून दिसणारा विस्तार यांपैकी एक विषय मुख्य आणि एक दुय्यम मानला की निम्म्या वस्तू आपोआप यादीबाहेर जातात.

कॅमेरा बॉडी

सेन्सरच्या आकाराबद्दल जितकी चर्चा होते तितकी ती या कामासाठी निर्णायक नाही, परंतु तिच्यामागचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो. एपीएस-सी सेन्सर उत्पादकानुसार सुमारे २३.५ × १५.६ मिमी किंवा त्याहून किंचित लहान असतो आणि मायक्रो फोर थर्ड्‌सचा सेन्सर १७.३ × १३ मिमीचा असतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने फुल फ्रेमला एपीएस-सीपेक्षा सव्वा स्टॉपचा आणि मायक्रो फोर थर्ड्‌सपेक्षा जवळपास दोन स्टॉपचा लाभ मिळतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी). आता याच्या शेजारी लेन्सचा हिशेब मांडून पाहा. एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितकी लेन्स अधिक प्रकाश आत घेते, आणि एफ/४ ची झूम व एफ/२ ची प्राइम लेन्स (एकाच फोकल लेंग्थची, झूम न होणारी) यांच्यातही पूर्ण दोन स्टॉपचा फरक आहे. याचा अर्थ असा की लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/२ ची छोटी प्राइम लेन्स लावली, तर रात्रीच्या कामात ती फुल फ्रेमवरच्या एफ/४ झूमच्या बरोबरीला येते, आणि तीही बऱ्याचदा निम्म्याहून कमी वजनात. ज्यांच्याकडे लहान सेन्सरचा कॅमेरा आहे त्यांनी सहलीपूर्वी पैसे खर्चायचेच असतील तर ते बॉडीवर न खर्चता उजळ लेन्सवर खर्चावेत, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

वजनाचे आकडेही एकदा कागदावर मांडावेत. साडेसहाशे ग्रॅमची फुल फ्रेम बॉडी, सुमारे आठशे ग्रॅमची २४–७० मिमी एफ/२.८, किलोच्या वर जाणारी ७०–२०० मिमी एफ/२.८, एक रुंद झूम आणि ट्रायपॉड एवढे घेतले की पिशवी व पाण्याची बाटली धरून ओझे सहज सहा किलोंवर जाते. याउलट पाचशे ग्रॅमच्या आसपासची एपीएस-सी बॉडी आणि प्रत्येकी दोनशे ग्रॅमच्या दोन एफ/२ प्राइम लेन्सेस हा सगळा संच एका किलोच्या आत बसतो. पहिल्या संचाची तांत्रिक क्षमता नक्कीच अधिक आहे, पण दुपारी चारनंतर तो सॅकमधून बाहेर किती वेळा निघेल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

बॉडीत पाहण्याजोग्या गोष्टी मोजक्याच आहेत. बॉडीतच स्थिरीकरणाची सोय असेल तर रुंद लेन्सने १/४ सेकंदापर्यंत हातात धरून स्थिर वास्तूंचे काम करता येते. चालत्या माणसांना मात्र तिचा काहीही उपयोग नाही, कारण ती तुमचा हात स्थिर करते, समोरच्याचे पाऊल नव्हे. कलता पडदा असल्यास कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून लोकांचे लक्ष न वेधता चौकट जुळवता येते. आवाज न करणारे शटर संग्रहालयात, प्रार्थनास्थळात आणि नाट्यगृहाच्या दालनात मोलाचे ठरते. कार्डाच्या दोन खाचा असतील आणि प्रत्येक चित्र दोन्ही कार्डांवर उतरत असेल तर परक्या शहरात डोक्यावरची एक काळजी कमी होते.

लेन्स बदलता न येणारे छोटे कॅमेरे या कामासाठी गांभीर्याने विचारात घेण्यासारखे आहेत. रिको जीआर ३ हा (फुल फ्रेमच्या हिशेबाने) २८ मिमीच्या दृष्टिकोनाचा कॅमेरा बॅटरी व कार्डासह सुमारे २५७ ग्रॅमचा आहे आणि अक्षरशः खिशात मावतो. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत ३५ मिमीचा दृष्टिकोन आणि एफ/२ लेन्स मिळते, तर २०२४ मध्ये आलेल्या एक्स१००व्हीआयमध्ये त्यात बॉडीतील स्थिरीकरणाचीही भर पडली. या दोन्हींत एपीएस-सी सेन्सर आहे, त्यामुळे चित्राच्या गुणवत्तेत मोठ्या कॅमेऱ्यांपुढे ते फारसे मागे पडत नाहीत. मुख्य कॅमेऱ्याला जोड म्हणून फोनही पुरेसा असतो. विशेषतः अतिरुंद चौकटीची गरज क्वचितच पडत असेल तर तेवढ्यासाठी स्वतंत्र लेन्स वागवण्यात अर्थ नाही.

एक इशारा येथेच देतो. सहलीच्या आठवड्यात नवी बॉडी विकत घेऊ नये. रस्त्यावर क्षण समोर येतो तेव्हा बोट न पाहता योग्य बटणावर जावे लागते आणि ही सवय काही आठवड्यांच्या वापरानंतरच अंगी बाणते.

लेन्स: खरा निर्णय येथे आहे

फोकल लेंग्थचे आकडे पाठ करण्याऐवजी त्यांचे अंतरात रूपांतर करून पाहावे. फुल फ्रेमवर ३५ मिमी लेन्स लावून तीन मीटरवर पाहिले तर आडव्या चौकटीत सुमारे तीन मीटर रुंदी आणि दोन मीटर उंची मावते, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडा परिसर. त्याच अंतरावर ५० मिमीच्या चौकटीची उंची जेमतेम १.४ मीटर राहते; पूर्ण माणूस हवा असेल तर चार मीटरपेक्षा मागे जावे लागते, आणि गजबजलेल्या पदपथावर या चार मीटरांत कोणी ना कोणी आडवे येतेच. २८ मिमीने तीन मीटरवर जवळपास ३.९ मीटर रुंदी मिळते, म्हणजे माणसाबरोबर त्याच्यामागचे दुकान, पाटी आणि शेजारून जाणारी सायकलही चौकटीत येते. मात्र चौकट भरायची तर आपल्याला माणसांच्या बरेच जवळ जावे लागते. जवळ जाण्याचा संकोच असणाऱ्यांनी २८ मिमी घेतली की चित्रांत मधला रस्ताच फार दिसू लागतो.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावून केले. त्यामुळे ५० मिमीच खरी, असे मानणारे पुष्कळ जण आहेत. तिची शिस्त मला मान्य आहे, परंतु आजच्या महानगरांतील अरुंद पदपथ, फलाट आणि गच्च बाजार पाहता पहिली लेन्स म्हणून मी ३५ मिमीचाच आग्रह धरेन. एपीएस-सीवर तिच्या जागी २३ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्‌सवर १७ मिमी घ्यावी.

३५ मिमीचा आणखी एक लाभ फोकसच्या बाबतीत आहे. फुल फ्रेमवर अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवून फोकस हाताने तीन मीटरवर स्थिर केला, तर साधारण १.९ मीटरपासून सात मीटरपर्यंत सर्व काही पुरेसे सुस्पष्ट येते. दिवसाच्या उजेडात या पद्धतीने ऑटोफोकसची वाटच पाहावी लागत नाही. माणूस त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचे, एवढेच उरते. त्यासाठी फोकसच्या कड्यावर अंतराच्या खुणा असलेली लेन्स मिळाली तर उत्तम. अनेक आधुनिक लेन्सेसवर त्या खुणा नसतात, तेव्हा खरेदीपूर्वी हे पाहून घ्यावे.

आता रात्रीचा हिशेब. मंद दिव्यांच्या गल्लीत एफ/२ आणि १/१२५ सेकंद ठेवले तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; ती वाढवली की चित्र कणीदार होते) साधारण १६०० लागतो. हेच चित्र एफ/४ च्या झूमने काढायचे तर आयएसओ ६४०० वर जातो, किंवा आयएसओ तेवढाच ठेवून शटर सुमारे १/३० पर्यंत खाली आणावे लागते, आणि १/३० ला चालणाऱ्या माणसाचे पाय विरघळल्यासारखे दिसतात. दुकानांच्या प्रकाशाने न्हालेल्या मोठ्या चौकात परिस्थिती दोन स्टॉपनी सुधारते आणि तिथे एफ/२.८ ची झूमही निभावते. त्यामुळे एफ/१.४ की एफ/२ या वादात फार पडू नये. एफ/१.४ ची लेन्स एका स्टॉपच्या बदल्यात बहुधा दुप्पट वजन व मोठा घेर घेऊन येते. समोर धरलेला जाड नळकांड्यासारखा घेर पाहून माणसे सावध होतात आणि ज्या सहजतेसाठी आपण तिथे उभे असतो ती निघून जाते. एफ/१.८ किंवा एफ/२ हा या कामातला योग्य मध्य आहे.

दुसरी लेन्स कोणती घ्यावी हे मुख्य विषयावर ठरते, आणि येथे वास्तूंच्या बाबतीतला एक समज तपासून पाहण्यासारखा आहे. उंच इमारतींसाठी अतिरुंद लेन्स हवीच, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा माथ्याकडे एकत्र येऊ लागतात. हा दोष लेन्सचा नसून कलण्याचा असतो, आणि तो टाळण्यासाठी कॅमेरा समतल धरावा लागतो. वीस मीटर रुंद रस्त्याच्या पलीकडून २४ मिमी लेन्स उभ्या चौकटीत समतल धरली, तर डोळ्यांच्या पातळीपासून वर पंधरा मीटरपर्यंतचाच भाग मावतो, म्हणजे चार-पाच मजले. १६ मिमी घेतली तरी ही उंची साडेबावीस मीटरांपर्यंतच जाते आणि चौकटीचा खालचा अर्धा भाग नुसत्या डांबराने भरतो. चाळीस मजली मनोऱ्यासमोर दोन्ही सारख्याच अपुऱ्या आहेत. असे मनोरे टिपायचे तर समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरची खुली जागा शोधावी, किंवा नदीच्या, उद्यानाच्या अथवा पुलाच्या पलीकडे जाऊन लांब लेन्स वापरावी. अतिरुंद लेन्स खरी कामी येते ती आतल्या जागांत: स्थानकाचे घुमटदार दालन, ग्रंथालय, जिना, इमारतीच्या आतला चौक. तुमच्या यादीत अशा जागा अनेक असतील तरच ती न्यावी. उभ्या रेषा सरळ ठेवणाऱ्या शिफ्ट लेन्सेस अप्रतिम असतात, पण त्या जड, महाग आणि बहुधा हाताने फोकस करण्याच्या असल्याने वास्तू हाच ज्यांचा एकमेव विषय आहे त्यांनीच त्यांचा विचार करावा. इतरांनी चित्राच्या कडांना थोडी जास्त जागा सोडून नंतर संगणकावर रेषा सरळ कराव्यात.

लांब लेन्सला शहरात जागा नाही, असेही नव्हे. सॉल लायटर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील आपली अनेक रंगीत छायाचित्रे लांब लेन्सेसनी काढली आणि ओलसर काचा, छत्र्या व पाट्यांमधून शहराचे तुकडे वेगळे काढून दाखवले. दूर उभे राहून लांब लेन्सने पाहिले की मागचेपुढचे मनोरे एकमेकांना चिकटल्यासारखे भासतात, रस्त्यावरचे दिवे एका रांगेत दाटतात आणि मावळता सूर्य इमारतींच्या तुलनेत मोठा दिसतो. हा परिणाम खरे तर अंतराचा असतो, लेन्स फक्त त्यातला भाग कापून देते. यासाठी दीड किलोची ७०–२०० मिमी एफ/२.८ मात्र न्यायची गरज नाही. ८५ मिमी एफ/१.८ किंवा लहान सेन्सरवर ५० मिमीच्या आसपासची प्राइम लेन्स बहुतेक प्रसंगी पुरते. दूरवरून क्षितिजरेषा टिपणे हाच मुख्य विषय असेल तर ७०–२०० मिमी एफ/४ घ्यावी आणि ती फक्त ठरावीक सकाळ-संध्याकाळी बरोबर न्यावी, उरलेल्या वेळी मुक्कामी ठेवावी.

ज्यांना लेन्स बदलणे अजिबात नको असते, त्यांनी २४–७० मिमीच्या पल्ल्याची एकच एफ/२.८ झूम घेण्यात काही वावगे नाही. पाऊस आणि धुळीच्या दिवसांत तर बॉडी न उघडण्याचा लाभ मोठा असतो. अशा वेळी सोबत एखादी दीड-दोनशे ग्रॅमची उजळ प्राइम लेन्स खिशात टाकावी आणि संध्याकाळी दिवे लागले की झूम काढून ती लावावी.

कृत्रिम दिव्यांचा लुकलुकाट

शहरात हमखास गाठणारी आणि निवडीच्या वेळी हमखास विसरली जाणारी अडचण म्हणजे दिव्यांचे लुकलुकणे. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते तिथे अनेक ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा, तर ६० हर्ट्‌झ असते तिथे एकशेवीस वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला हे दिसत नाही, पण वेगवान शटरने काढलेल्या लागोपाठच्या चित्रांत उजेड आणि रंग बदलत जातात. इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर एकाच चित्रात आडवे काळपट पट्टे उमटतात. पहिल्या प्रकारच्या शहरात १/५० किंवा १/१०० आणि दुसऱ्या प्रकारच्या शहरात १/६० किंवा १/१२५ हे शटर स्पीड सुरक्षित असतात. भूमिगत रेल्वेचे फलाट आणि व्यापारी संकुले ज्यांच्या यादीत आहेत, त्यांनी यांत्रिक शटर आणि लुकलुकाट ओळखून योग्य क्षणी चित्र घेण्याची सोय, अशी दोन्ही असलेली बॉडी निवडावी. केवळ इलेक्ट्रॉनिक शटरवर चालणाऱ्या बॉडीचा सेन्सर वेगाने वाचला जाणारा नसेल तर समोरून धावणारी गाडीही तिरकी झालेली दिसते. जाहिरातींच्या भल्या मोठ्या एलईडी पडद्यांची वारंवारता मात्र विजेवर अवलंबून नसते; तिथे एक-दोन चाचणीची चित्रे काढून शटर हळूहळू कमी करत जाणे हाच मार्ग आहे.

काचेआडून छायाचित्रण आणि फिल्टर

उंच मनोऱ्यांवरील निरीक्षण दालने बहुधा काचेने बंद असतात, आणि संध्याकाळी आतले दिवे लागले की बाहेरच्या शहरापेक्षा आपलेच प्रतिबिंब ठळक दिसू लागते. यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे दुमडता येणारे रबरी लेन्स हूड. लेन्सवर हूड चढवून त्याची कड काचेवर हलकेच टेकवली की बाजूचा प्रकाश पूर्ण बंद होतो. कॅमेरा थोडा कलवला तरी रबर दबून काचेशी चिकटून राहते. हूड नसेल तर गडद रंगाचे कापड किंवा काळे जॅकेट लेन्सभोवती धरावे. काच पुसण्यासाठी एक स्वच्छ रुमाल खिशात असावा, कारण बोटांचे ठसे तुमच्या बाजूलाच असतात आणि तेवढा भाग पुसला तरी चित्रात फरक पडतो.

पोलरायझर फिल्टर दुकानांच्या काचा, पाणी आणि ओल्या फरशीवरील चकाकी कमी करतो, पण काचेकडे समोरून न पाहता तिच्या पृष्ठभागाशी सुमारे ३५ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिले तरच त्याचा पूर्ण परिणाम मिळतो. धातूच्या पृष्ठभागावरील प्रतिबिंबांवर तो चालत नाही. तो दीड-दोन स्टॉप प्रकाशही खातो आणि कडक केलेल्या काचेतून पाहताना कधी कधी इंद्रधनुषी डाग दाखवतो, म्हणून अंधार पडला की तो काढून ठेवावा. संरक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टरही रात्री काढावा. रस्त्यावरच्या तेजस्वी दिव्यांची हिरवट भूतचित्रे बहुधा त्याच्याच सपाट काचेतून उमटतात. एनडी, म्हणजे केवळ प्रकाश कमी करणारा, फिल्टर न्यायचाच असेल तर दहा स्टॉपचा एकच पुरे: १/१२५ सेकंदाचे शटर त्याने सुमारे आठ सेकंदांवर जाते आणि चालती गर्दी धुक्यासारखी पुसट होते.

ट्रायपॉड न्यावा की नाही

अनेक संग्रहालयांत, निरीक्षण दालनांत, स्थानकांत आणि खाजगी मालकीच्या चौकांत ट्रायपॉड उभा करू देत नाहीत किंवा त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून ज्या जागा ठरवल्या आहेत त्यांचे नियम त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी वाचावेत, आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी मनाई असेल तर ट्रायपॉड घरीच ठेवावा. त्याऐवजी हातभर उंचीचाही नसलेला, कठड्यावर ठेवता येणारा छोटा ट्रायपॉड घ्यावा. दोन सेकंदांचा टायमर लावला की रिमोटचीही गरज उरत नाही. हाच नियम ड्रोनलाही लागू होतो: बहुतेक महानगरांत त्यावर कडक निर्बंध असतात आणि लेखी परवानगी हातात नसताना तो नेणे म्हणजे निष्कारण अडचण ओढवून घेणे.

पूर्ण उंचीचा ट्रायपॉड घेणे ज्यांना आवश्यक वाटते, त्यांनी दुमडल्यावर ४० सेंटिमीटरच्या आसपास येणारा कार्बन फायबरचा निवडावा आणि मधला खांब वर न खेचता तो किती उंच होतो हे पाहावे, कारण खांब वर केला की स्थैर्य झपाट्याने घटते. वाहनांची ये-जा असलेल्या पुलावर कितीही भक्कम ट्रायपॉड लावला तरी पूलच हलत असल्याने काही सेकंदांची चित्रे हललेलीच येतात. तिथे वाहने थांबण्याची वाट पाहावी किंवा आयएसओ वाढवून शटर वेगवान ठेवावे. सूर्य क्षितिजाखाली साधारण चार ते आठ अंश असताना आकाशाची निळाई आणि शहराचे दिवे एकमेकांच्या तोडीस येतात. हा वेळ विषुववृत्ताजवळ जेमतेम सोळा-सतरा मिनिटांचा असतो आणि ध्रुवांकडे जाल तसा लांबत जातो, तेव्हा ट्रायपॉड उघडून कॅमेरा बसवायला लागणारा वेळही निवडीचा एक निकष मानावा. दिव्यांभोवती ताऱ्यासारखी किरणे हवी असतील तर लेन्सच्या अ‍ॅपर्चरमधील पात्यांची संख्या पाहावी: सम संख्या असेल तर तेवढीच, विषम असेल तर दुप्पट किरणे येतात, म्हणजे नऊ पात्यांच्या लेन्सने अठरा.

बॅटरी, कार्ड आणि विमानप्रवास

मिररलेस (आतला आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांची बॅटरी दिवसभराच्या पायपिटीला एकटी पुरत नाही. थंडीत तर ती आणखी लवकर उतरते. दोन जादा बॅटऱ्या आणि यूएसबीवरून बॉडी चार्ज करता येईल अशी पॉवर बँक एवढे पुरेसे आहे. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त केबिनच्या सामानातच नेता येतात, चेक-इन सामानात नाही. प्रत्येकी १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची मान्यता लागते आणि त्यापुढच्या नेता येत नाहीत. किती बॅटऱ्या न्याव्यात आणि विमानात त्या वापराव्यात की नाही, याचे नियम कंपनीनुसार बदलतात, ते निघण्यापूर्वी पाहावेत. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या या मर्यादेच्या फार खाली असतात: ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएच म्हणजे केवळ १६.४ वॅट-तास. पॉवर बँकेचा हिशेब ३.७ व्होल्टने करतात, त्यानुसार २०,००० एमएएचची ७४ वॅट-तासांची ठरते. सुट्या बॅटऱ्यांची टोके झाकलेली असावीत.

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) प्रकारानुसार २५ ते ५० एमबीची असते, म्हणून ६४ जीबीच्या कार्डावर साधारण बाराशे ते अडीच हजार चित्रे मावतात. एका प्रचंड कार्डापेक्षा अशी तीन-चार कार्डे बरी. छायाचित्रांसाठी व्ही३० या वेगाच्या दर्जाचे कार्ड पुरते, अतिवेगवान कार्डांवर पैसे घालवू नयेत. फिल्म वापरणाऱ्यांनी मात्र विमानतळावरील नव्या सीटी यंत्रांतून (तीव्र क्ष-किरणांनी सामान तपासणाऱ्या) ती जाऊ देऊ नये, हाताने तपासण्याची विनंती करावी.

पिशवी आणि पाऊस

पिशवी लहान असावी. मोठी पिशवी भरल्याशिवाय राहत नाही. पाठीवरची सॅक असेल तर तिची चेन पाठीकडच्या बाजूला उघडणारी असावी. खांद्यावरची असेल तर गर्दीत ती पुढे ओढून घेता आली पाहिजे. उत्पादकाचे नाव मोठ्या अक्षरांत मिरवणारा पट्टा काढून साधा मनगटी पट्टा लावावा. बॉडी पावसाला तोंड देणारी असली तरी लेन्सच्या मागच्या कड्याला रबरी सील नसेल तर त्या संरक्षणाला अर्थ नाही. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत निघताना कॅमेरा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर पहिली वीस मिनिटे काच पुसण्यातच जातात.

निघण्यापूर्वीची तालीम

निवडलेला संच पूर्ण भरून, पाण्याची बाटली आणि जॅकेटसह, एका सुट्टीच्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत जवळच्या वर्दळीच्या भागात वापरून पाहावा. संध्याकाळी ज्या वस्तूला हातही लागला नाही ती यादीतून काढावी. ज्या वस्तूची उणीव दोनदा भासली तीच विचारात घ्यावी, एकदा भासलेली सोडून द्यावी. याच तालमीत प्रत्येक जादा बॅटरी कॅमेऱ्यात घालून पाहावी, प्रत्येक कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि आयएसओ १६००, ३२०० व ६४०० वर काढलेली चित्रे मोठ्या पडद्यावर पाहून आपल्याला कोणत्या मर्यादेपर्यंतचा कणीदारपणा चालतो हे ठरवून घ्यावे. कॅमेऱ्याचे घड्याळ पोहोचण्याच्या शहराच्या वेळेशी जुळवावे, बॉडी आणि लेन्सचे अनुक्रमांक फोनव्यतिरिक्त कागदावरही लिहून ठेवावेत, आणि रोज रात्री कार्डावरची चित्रे ज्या छोट्या डिस्कवर उतरवणार आहात ती डिस्क पिशवीत न ठेवता मुक्कामीच राहील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.